हबसाणाची एकी

रोह्याहून खाडीकडे वाहणारी कुंडलिका १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानाची उत्तरेची हद्द होती. तिच्या दक्षिणेच्या मुलखाला जुने मराठी कागद हबसाण म्हणतात, म्हणजे हबशांचा प्रांत. आफ्रिकेतल्या माणसांचं हे राज्य आपल्या कोकणात तीन शतकांहून अधिक काळ टिकलं, ते त्यांच्या एकीवर.

ही एकी रक्ताच्या नात्याची नव्हती. हबश म्हणजे आजचा इथिओपिया. पण हबशी आणि सिद्दी या नावांखाली इथे आलेल्यांच्या जमाती वेगळ्या होत्या, बोली वेगळ्या होत्या. कित्येकांना लहानपणीच पळवून विकलेलं. मलिक अंबर त्यांपैकीच. त्याचं जन्मनाव चापू. बाजारांतून विकला जात तो अहमदनगरला पोहोचला. तिथे त्याला विकत घेणारा चंगेजखान, निजामशाहीचा पेशवा, स्वतः हबशी आणि एके काळचा गुलाम! मला या कथेचं बीज इथेच दिसतं. आईबाप, गाव, जन्मनाव सगळं गमावलेल्या पोराला नवा गोतावळा मिळाला, तो त्याच वाटेने आलेल्यांचा. पुढे हबशी सरदार आणि शिपाई गोळा करत अंबरने १६२६ मध्ये मरेपर्यंत निजामशाही सांभाळली.

जंजिऱ्यात याच गोतावळ्याची रीत झाली. प्रमुख मेला की गादी मुलाकडे जात नसे. आरमारातला सर्वांत वरचा सरदार पुढे येई. १६७० च्या सुमारास तिथला प्रमुख फत्तेखान जंजिरा किल्ला शिवाजी महाराजांना द्यायला तयार झाला, तेव्हा संबळ, कासम आणि खैर्यत या तीन सिद्दी सरदारांनी त्यालाच कैद केलं आणि औरंगजेबाचा आश्रय घेतला. बलाढ्य मराठी फौजेला जंजिरा मिळाला नाही, याचं एक कारण तटबंदीइतकंच या रिवाजातही आहे.

पण ही एकी आपल्यापुरतीच राहिली. ऑक्टोबर १६७३ मध्ये सिद्दीच्या आरमाराने पेण-नागोठण्याच्या खाड्यांत शिरून गावं उजाड केली, माणसं धरून नेली. ज्यांचे पूर्वज असेच पळवले गेले होते, त्यांनी आगरी-कोळ्यांच्या या किनाऱ्यावर तेच करावं, हे फार दुःखाचं आहे. ते झाकून हा इतिहास सांगता येणार नाही.

रीत मोडली आणि बळही ओसरलं. १७३३ मध्ये जंजिऱ्याचा प्रमुख सिद्दी रसूल वारला, मुलांत गादीसाठी भाऊबंदकी पेटली आणि बाजीरावाने नेमकी ती संधी साधली. १७३६ मध्ये चिमाजी आप्पाने सिद्दी सात याला लढाईत मारलं आणि हबसाणाच्या महालांची वाटणी झाली.

साऱ्या आफ्रिकनांनी एक व्हावं, हा विचार जगापुढे मांडला गेला तोही परमुलखातच, १९०० च्या लंडन परिषदेत. ती बोलावणारे हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स त्रिनिदादचे, म्हणजे तेही विखुरलेल्यांच्याच वंशातले. आफ्रिकी देशांची संघटना मात्र १९६३ मध्ये स्थापन झाली, आणि ती हबशांच्याच भूमीत, अदिस अबाबाला. मायदेशाआधी परमुलखात एकी जुळते, हे हबसाणाने कितीतरी आधी दाखवलं होतं.

आपण सिद्दी ओळखतो तो स्वराज्याचा हट्टी शत्रू म्हणून. ती ओळख खरी आहे, पण अपुरी. पेण-रोह्याच्या शिक्षकांनी मुलांना जंजिरा दाखवताना तोफांबरोबर चापूची गोष्टही सांगावी.