कारागिराचा जामीन

'विमा' हा शब्द आज इतका घरचा झाला आहे, की तो फारसीतील भयवाचक 'बीम' या शब्दाच्या कुळातला आहे हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. गलबत बुडण्याचे भय, वखारीला आग लागण्याचे भय, अकाली मृत्यूचे भय अशी नाना भये त्याने पोटात घेतली. परंतु हुन्नरी माणसाला स्वतःच्याच हाताविषयी वाटणारे भय त्याच्या आश्रयाला बऱ्याच उशिरा आले. वैद्याचे निदान, अभियंत्याचा आराखडा किंवा वकिलाचा सल्ला चुकला, तर नुकसान होते ते त्याच्यावर विसंबलेल्या माणसाचे. ते कोणी आणि कसे भरून द्यावे, या प्रश्नाच्या उत्तरांतूनच व्यावसायिक दायित्वाचा विमा जन्मास आला.

पहिले उत्तर भयंकर होते. 1901 साली सूसा येथील उत्खननात सापडलेल्या आणि सध्या पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेल्या बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या शिलास्तंभावर, बांधलेले घर कोसळून मालक दगावल्यास गवंड्याला देहान्त शासन, आणि शस्त्रक्रियेत प्रतिष्ठित नागरिक मेल्यास वैद्याचे हात तोडणे, अशी कलमे कोरलेली आहेत. मात्र त्याच स्तंभावर, घर पडून जी चीजवस्तू नष्ट होईल ती गवंड्याने भरून द्यावी आणि घर स्वखर्चाने पुन्हा उभारावे, असेही एक कलम आहे. सूडाच्या त्या गर्दीत भरपाईचा विचार डोकावतो तो तेथे.

आपल्याकडे कौटिल्याने हा विचार पुष्कळ पुढे नेला. 'अर्थशास्त्रा'च्या कंटकशोधन या अधिकरणात, रोग प्राणघातक असल्याची वर्दी न देता उपचार करणाऱ्या वैद्याचा रोगी दगावल्यास कनिष्ठ दंड, आणि उपचारातील दोषामुळे दगावल्यास मध्यम दंड, अशी कसुराच्या मगदुराप्रमाणे शिक्षा सांगितली आहे. परंतु याहून मोलाची गोष्ट त्याच अधिकरणाच्या आरंभी आहे: ज्यांची श्रेणी, म्हणजे समव्यवसायींचा संघ, त्यांच्याबद्दल हमी देते अशा कारागिरांनीच लोकांची ठेव स्वीकारावी, आणि कारागिरावर विपत्ती ओढवली तर त्या ठेवीची जबाबदारी श्रेणीने उचलावी. एका हाताच्या व्यवहाराला समव्यवसायी समूहाने जामीन राहावे, ही या विम्याची मूळ कल्पना मला त्या अल्पाक्षरी विधानात स्पष्ट दिसते.

पुढे आपल्या सावकारी पेढ्यांनी माल पोहोचला तरच पैसे देय होणारी जोखमी हुंडी चालवून प्रवासातील संकटाची वाटणी केली. पण ती मालाची जोखीम होती, कौशल्याची नव्हे. कौशल्याची जोखीम मोजायची तर चूक कशास म्हणावे हे आधी ठरायला हवे, आणि त्या बाबतीत इंग्लंडमधील 1838 च्या एका निवाड्याने मोठे काम केले: व्यावसायिक हा यशाची हमी देत नाही, तो वाजवी कौशल्य व वाजवी काळजी यांची हमी देतो. 1885 साली लंडनमध्ये डॉक्टरांनी आपापली वर्गणी घालून 'मेडिकल डिफेन्स युनियन' स्थापिली. कायद्याने ती विमा कंपनी नव्हती. परंतु एकावरील फिर्यादीचा भार सर्वांनी पेलावा, हे श्रेणीचे जुने तत्त्व तिच्या रूपाने पुन्हा उभे राहिले.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या अगदी दारात आला तो 1953 मध्ये. कोकणातील पालशेतच्या पुळणीवर मांडीचे हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचार चालू असता दगावला. आणि 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात 3,000 रुपयांची भरपाई कायम करताना, रोगी स्वीकारावा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि तो करताना, अशा तिन्ही वेळी डॉक्टराने काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे असे सांगितले. 1995 मध्ये त्याच न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, तेव्हा या विम्याची निकड दवाखान्यादवाखान्यांत जाणवू लागली.

आजचे विमापत्र भरपाईबरोबर कोर्टखर्चाचाही भार ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलते. बुद्धिपुरस्सर केलेली लबाडी वा गुन्हा मात्र ते पदरात घेत नाही. बहुधा ते दाव्याच्या तारखेवर चालते, म्हणजे चूक विमापत्रात नमूद केलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरची असावी लागते आणि दावा विमा चालू असतानाच यावा लागतो. म्हणूनच हप्त्यात खंड पडू देणे किंवा धंदा बंद करताच तो थांबवणे घातक ठरू शकते. असे विमापत्र घेणे म्हणजे स्वतःच्या कसबावर अविश्वास दाखवणे, असे मानणारे पुष्कळ सज्जन आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की गवंड्याचा जीव घेतल्याने कोसळलेल्या घरातील विधवेच्या हाती काहीच पडत नव्हते, आणि श्रेणी जामीन राहिली तेव्हा ठेव ठेवणाऱ्याला आपली ठेव मिळण्याची सोय झाली.