तलवाड्याचे हुतात्मे आणि चांदीचे नाणे
पोलंडच्या राष्ट्रीय बँकेने २००८ मध्ये वॉर्सा घेट्टोतील ज्यूंच्या उठावाला ६५ वर्षे झाली, त्या निमित्ताने २० झ्लॉटींचे चांदीचे नाणे काढले. भारत सरकारनेही १३ एप्रिल २०१९ रोजी जालियनवाला बाग हत्याकांडाच्या शताब्दीनिमित्त १०० रुपयांचे नाणे काढले. अशी नाणी व्यवहारासाठी नसतात. घडलेला अन्याय राज्यसंस्था स्वतःच्या मुद्रेखाली मान्य करते, हे त्यांचे मोल. डहाणू-तलासरीच्या वारली आदिवासींचा १९४५ चा उठावही या मानाला पात्र आहे, असे मला ठामपणे वाटते. मात्र त्या नाण्यावर अन्यायाचे नावही कोरले गेले पाहिजे.

या उठावाच्या मुळाशी मजुरीचा प्रश्न होता. जमीनदाराच्या शेतावर वारल्याने आधी फुकट राबायचे, ही वेठ. लग्नापुरते कर्ज काढणारा तरुण लग्नगडी होई आणि ते फिटेपर्यंत बायकोसह सावकाराकडे राबत राही. मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात या छळाची नोंद आहे, पण अहवालाने वेठ थांबली नाही. २३ मे १९४५ रोजी झरी गावच्या सभेत वारल्यांनी ठरवले की वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खासगी जमिनीवर राबायचे नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या माणसांनी हातावर नाणे मागितले. पुढे गवतकापणीच्या हंगामात ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मागत संप झाला. त्याच दिवसांत, १० ऑक्टोबर १९४५ रोजी, तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि इतर चार जण मारले गेले.

साठ लाख ज्यूंच्या संहारापुढे पाच जणांचे मरण मांडणे अनुचित, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, आणि येथे दुःखांची तुलना नाहीच. प्रश्न स्मृती जपण्याच्या रीतीचा आहे. दुसरा आक्षेप असा की हा एका पक्षाचा इतिहास आहे. उठाव किसान सभेच्या झेंड्याखाली झाला आणि त्याचे नेते शामराव व गोदावरी परुळेकर कम्युनिस्ट होते, हे खरेच. पण वेठीची साक्ष सरकारी अहवालच देतो, आणि गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ मध्ये साहित्य अकादमीने गौरवले. आदिवासी बंडखोर नाण्यावर येत नाही, असेही आता म्हणता येणार नाही. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी बिरसा मुंडांच्या १५० व्या जयंतीवर्षाचे नाणे निघाले.

खरी अडचण वेगळी आहे. जालियनवालात गोळी झाडण्याचा हुकूम परक्याचा होता, म्हणून ते स्मरण आपल्याला सोपे जाते. तलवाड्यात बंदूक ब्रिटिश राज्याची असली, तरी वेठ घेणारे जमीनदार-सावकार याच मातीतले होते. केवळ शौर्य कोरून वेठ वगळली, तर ते नाणे संग्राहकांच्या पेटीतली चांदी होऊन राहील. आजवर ही आठवण दर वर्षी १० ऑक्टोबरला जमणाऱ्या आदिवासींनी जागती ठेवली आहे. आता महाराष्ट्र शासनाने केंद्राकडे नाण्याची मागणी करावी, त्यावर ‘वेठबिगारी’ हा शब्द कोरण्याचा आग्रह धरावा आणि पाचही हुतात्म्यांची नावे शाळेच्या पाठ्यपुस्तकात छापावीत.