लाखेची डाळ आणि आरशातलं विष

आमच्या येवल्यात हातमागावरची पैठणी ओळखायची एक जुनी खूण आहे. जाणकार गिऱ्हाईक पदर उलटून पाहतं. मागच्या बाजूलाही मोर तितकाच सुबक असतो, धागे लोंबत नाहीत. फरक एवढाच, की पुढचा मोर उजवीकडे पाहत असेल, तर मागचा डावीकडे पाहतो. निसर्गातल्या कितीतरी रेणूंचं असंच असतं. घटक तेच, जोडणी तीच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. लाखेच्या डाळीतलं विष असंच आहे.

लाख म्हणजे हिंदीतली खेसारी किंवा तेवरा. विदर्भात, भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडे, तिला लाखोळी म्हणतात. भाताच्या ओल्या बांधीत कापणीआधी बी फेकून द्यायचं. नांगरट नाही, पाणी नाही, तरी पीक हाती येतं. गरिबाला याहून सोयीचं पीक कोणतं? आणि दुष्काळात तेच तेवढं उरतं.

सागर जिल्ह्यातल्या एका गावाची हकीकत कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं १८४४ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. १८२९ मध्ये गारपिटीनं गहू गेला, १८३० मध्ये पाऊस पडला नाही, १८३१ मध्ये पिकावर रोग पडला. तेवरा मात्र आपोआप उगवत राहिला आणि लोक तोच खात राहिले. १८३३ पासून तिशीच्या आतली धडधाकट माणसं कमरेखाली लुळी पडू लागली. गावातली निम्मी तरुण पिढी अशी गेली. मेली नाही, काठीवर आली. हा लकवा बरा होत नाही.

१९६१ मध्ये केंद्र सरकारनं अन्नभेसळीच्या नियमांत लाखेच्या विक्रीवर बंदीची तरतूद केली. गंमत पाहा, विष नेमकं कोणतं, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं! ते सापडलं १९६४ मध्ये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राव, अडिगा आणि सर्मा यांनी बियांतून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याच वर्षी दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनाही ते मिळालं. त्याचं लांबलचक नाव सोडून देऊ. शास्त्रज्ञही त्याला ‘ओडॅप’ एवढंच म्हणतात.

आता आरशाकडे वळू. १८४८ मध्ये पंचविशीतल्या लुई पाश्चरनं एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं निवडून डावे-उजवे असे दोन ढीग केले, तेव्हापासून ही जोडरूपं माहीत आहेत. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. मज्जापेशीवर निरोप स्वीकारणारी जी जागा असते, तीही जणू डाव्या हाताचा मोजा. डावा ओडॅप त्यात चपखल बसतो आणि पेशीला इतकं डिवचतो, की ती अखेर मरते. उजवा त्यात नीट बसत नाही, म्हणून त्या मानानं निरुपद्रवी.

पण तराजूला हे कसं कळावं? वजन सारखं, विरघळणं सारखं. १९७८ मध्ये राव यांनी रंगावरून मोजण्याची पद्धत दिली. डाळीचा अर्क अल्कलीत उकळायचा, त्यात एक द्रव्य घालायचं, पिवळा रंग किती गडद होतो ते पाहायचं. स्वस्त आणि सोपी, म्हणून ती देशोदेशी वापरली गेली. मात्र तिला डावं-उजवं कळत नाही. शिवाय डाळ तापवली की ओडॅपचा काही भाग अल्फा नावाच्या सौम्य प्रकारात बदलतो. तोही ती विषाच्याच खात्यात लिहिते.

तोड हस्तांदोलनात आहे. उजव्या हाताला उजवा हात जुळतो, डावा अवघडतो. १९८४ मध्ये पीटर मार्फी यांनी अमिनो आम्लांसाठी हीच युक्ती केली. मिश्रणात एकाच हाताचं एक द्रव्य घालायचं. ते दोन्ही रूपांना चिकटतं, पण जोड्या वेगवेगळ्या आकाराच्या होतात. मग बारीक भुकटीनं भरलेल्या नळीतून दाबानं द्रव सोडला, की एक जोडी आधी बाहेर पडते, दुसरी मागाहून. दोघींची मोजणी वेगळी. हेच ओडॅप चीनमध्ये रक्तस्राव थांबवणाऱ्या सान्ची या मुळीतही आहे. तिथं ते औषध म्हणून पाहिलं जातं, म्हणून डावं-उजवं निवडण्याची गरज तिथंही पडते.

बंदीच चूक होती, असं मी म्हणणार नाही. रीवा-सतन्याकडे शेतमजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ दिली जाई, आणि महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय जातात. पण बंदीनं त्या मजुराच्या ताटात दुसरी डाळ आणून वाढली नाही. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी लाखोळीवरची बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. महाराष्ट्र सरकारनं २००८ मध्ये बंदी उठवली; केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र विक्रीची मनाई कायम राहिली. दरम्यान रतन, प्रतीक, महातेवरा असे कमी ओडॅपचे वाण निघाले. ओडॅप पाण्यात विरघळतं, म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, की विषाचा बराचसा भाग त्याबरोबर वाहून जातो.