फूटपाथवरचा शेजार

मुंबईला गेलेल्या माणसाला गावाकडची माणसं पहिला प्रश्न विचारीत, तो पगाराचा नव्हे, 'उतरलास कुठं?' हा. गिरणगावात याचं उत्तर सोपं असे. चाळीतल्या एका खोलीत गावचेच दहा-पंधरा गडी पाळीपाळीनं झोपत, खाणावळवाली दोन वेळ जेवू घाली, कुणी तापानं फणफणला तर गाववाले बघत. पण ज्यांना वळकटीपुरतीही जागा मिळाली नाही, त्यांना कोण बघत होतं? त्यांची हकिकत आज सांगावयाची आहे; आणि ती मुख्यत्वे बायकांची आहे.

भायखळ्याच्या रस्त्यांवर, भिंतींच्या आधारानं, बांबू नि ताडपत्रीच्या झोपड्या वर्षानुवर्षं उभ्या होत्या. कुणी बिहारचं, कुणी तमिळनाडूचं, कुणी आपल्याच दुष्काळी मुलखातलं. पुरुष हमाली करीत, हातगाडी ओढीत. बायका घरोघरची धुणीभांडी करीत. शहराला त्यांचे हात हवे होते, त्यांचं बिऱ्हाड मात्र नको होतं.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केलं, की फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवावं. दिवस भर पावसाचे. झोपड्या मोडल्या गेल्या, काही कुटुंबांना बसमध्ये घालून शहराबाहेर नेण्यात आलं. प्रकरण हायकोर्टात व पुढं सुप्रीम कोर्टात गेलं. ऑल्गा टेलिस या पत्रकार बाईंच्या नावानं तो खटला आजही ओळखला जातो. अर्जदारांत सेलमकडचा एक भूमिहीन मजूर होता. दुष्काळानं काम गेलं म्हणून तो १९६१ मध्ये मुंबईला आला, एका रसायनाच्या कारखान्यात रोजावर लागला. त्याची रोजी तेवीस रुपये. आणि फूटपाथवरच्या प्लॅस्टिक-कॅनव्हासच्या आडोशासाठी एका दादानं त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले होते! फुकटात राहतात, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड दुसऱ्याच दिवशी निवृत्त व्हायचे होते. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, ही माणसं कामाच्या जवळ राहतात कारण जाण्यायेण्याचा खर्च त्यांना झेपत नाही, असं न्यायालयानं मान्य केलं. तथापि फूटपाथवर राहण्याचा हक्क काही दिला नाही. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावू नका. पुढं कायद्याप्रमाणे हटवा. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल मोठा वाटतो, आणि तो आहेही. पण ताडपत्रीखालच्या बाईच्या दृष्टीनं त्याचा अर्थ एवढाच, की चार महिने मिळाले.

या सुमारास 'स्पार्क' नावाची, १९८४ मध्ये निघालेली एक लहानशी संस्था भायखळ्यात काम करीत होती. तिनं १९८५ मध्ये या वस्त्यांची मोजदाद केली. सहा हजारांवर कुटुंबं, माणसं सुमारे सत्तावीस हजार. अहवालाचं नाव इंग्रजीत होतं. त्याचा अर्थ 'आम्ही, न दिसणारी माणसं'. आधी माणूस मोजला जावा लागतो, मग त्याचं म्हणणं कुणी ऐकतं. रेशनकार्ड हवं, तर पत्ता हवा. आणि पत्ता तर हाच नव्हता. रेशन कचेरी, पोलीस चौकी, इस्पितळ इथं कसं जायचं, काय बोलायचं, हे बायका एकमेकींच्या सोबतीनं शिकल्या. एकटीला हटकणारा शिपाई दहाजणींना बसा म्हणतो, हे तुम्ही गावच्या चावडीवरही पाहिलं असेल.

पुढच्या एक-दोन वर्षांत या बायकांनी 'महिला मिलन' उभं केलं. कुणी आजारी पडलं, चूल पेटली नाही, गावी मयत झालं, तर सावकाराचं दार गाठण्याआधी आपल्याच गल्लीतून उसने पैसे मिळावेत, यासाठी रोजच्या मजुरीतून नाणं-दोन नाणी बाजूला टाकायची. पुष्कळजणींना अक्षर ओळखता येत नव्हतं. मग प्रत्येकीची एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे. अमुक रंग म्हणजे अमुक रक्कम. शिक्षक बंधूंनी हा हिशेब मुद्दाम लक्षात घ्यावा. कर्ज कुणाला द्यायचं, हे शेजारणीच ठरवीत. कारण कुणाची गरज खरी, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

झोपड्या मोडायला पालिकेची गाडी येई, तेव्हा भांडीकुंडी, कपडे, सारं उचललं जाई. बायकांनी यावरही तोड काढली. अधिकाऱ्यांशी बोलून ठेवलं, की आम्हीच आमच्या हातानं सोडतो. गाडी आली की बांबू-ताडपत्री उतरवून नीट रचून ठेवायची. गाडी गेली की पुन्हा उभं करायचं. संसार तेवढा वाचला.

बांबू-कापडाचं खऱ्या मापाचं घर उभारून त्यांनी भायखळ्यात प्रदर्शनही भरवलं. उंची चौदा फूट, वर माळा. वास्तुशास्त्रज्ञ येऊन बघून गेले. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनाच्या सरकारी योजनेत, त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीपासून राहणाऱ्या फूटपाथवासीयांनाही घराचा हक्क मिळाला. पुढं भायखळ्याची काही कुटुंबं मानखुर्दला पक्क्या इमारतीत राहावयास गेली. त्या वसाहतीचं नाव त्यांनी ठेवलं मिलन नगर.