चाकाची रुंदी आणि रत्नागिरीचा रस्ता

रत्नागिरी जिल्ह्याच्या दळणवळणात चाकाला महत्त्व आले ते तुलनेने उशिरा. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी खाड्यांनी आणि डोंगरांच्या सोंडांनी अशी तोडलेली आहे की शतकानुशतके येथील माल मचव्या-पडावांतून खाडीच्या तोंडापासून आत जाई आणि तेथून पुढे घाट चढायचा तर बैलांच्या पाठीवरून किंवा माणसांच्या डोक्यावरून चढे. राजापूरसारखे बंदर आणि त्यामागचा अणुस्कुऱ्याचा घाट हे या व्यवस्थेचे ठळक उदाहरण होय. कुंभार्ली आणि आंबा या घाटांतून इंग्रजी अमलात गाडीरस्ते झाले, तेव्हा कोठे देशावरची बैलगाडी थेट कोकणात उतरू लागली, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही उतरला, जो आजच्या मोटारीपर्यंत येऊन पोहोचला आहे: चाक किती रुंद असावे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

बैलगाडीच्या चाकात मध्यभागी तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले लाकडी वर्तुळखंड म्हणजे पुठे, आणि या सर्वांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव, अशी रचना असे. लाकडी चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान बनवलेली धाव लोहार भट्टीत लाल होईपर्यंत तापवी, फुगलेली ती कडी चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओतून ती निववी. निवताना लोखंड आकसे आणि सुटे सांधे एकमेकांत घट्ट बसत. लोखंडाच्या आकसण्याला चाकाच्या बळकटीसाठी राबवणारी ही कारागिरी खरोखर थोर होती, आणि पुढे ज्या जोडकामाचा विचार करायचा आहे त्यात नेमके हेच आकसणे कसे उलटते, हे समजण्यासाठी ती ध्यानात ठेवली पाहिजे.

धाव अरुंद असली तर गाडी ओढायला हलकी जाते असा अनुभव असल्याने गाडीवान तीच पसंत करी, परंतु सगळे ओझे त्या अरुंद पट्टीवर आल्याने दाबलेल्या खडीच्या रस्त्यात खोल चाकोऱ्या पडत. इंग्लंडमध्ये याच कारणासाठी १७५३ साली कायदा होऊन पथकराच्या रस्त्यांवरील जड मालगाड्यांना नऊ इंच रुंदीची चाके लावण्याचे बंधन आले होते. हिंदुस्थानात बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली, त्या समितीच्या शिफारशींतून पेट्रोलवरील करावर आधारलेला केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, आणि त्या काळच्या अभियंत्यांना मोटारींइतकीच चिंता लोखंडी धावेच्या गाड्यांनी उखडणाऱ्या रस्त्यांची होती. म्हणजे त्या वेळी चाक रुंद करा असा आग्रह राज्यकर्त्यांचा होता आणि अरुंद चाकाचा मोह गाडीच्या मालकाचा. आज भूमिका नेमक्या बदलल्या आहेत.

मोटारीचे चाक आरंभी लाकडी आऱ्यांचे किंवा तारांचे होते; पुढे दाबयंत्रात घडवलेले पोलादी चाक आले आणि तेच सर्वसामान्य झाले. त्याचे मुख्य भाग दोन: टायर जिच्यावर बसतो ती बाहेरची कडी म्हणजे रिम, आणि रिमला हबशी जोडणारी, नटबोल्टांची भोके असलेली मधली तबकडी म्हणजे डिस्क. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केल्यापासून जीप हे महाराष्ट्राच्या डोंगरी भागाचे वाहन बनले, आणि चिखलात रुतू नये, वळणावर पकड मिळावी किंवा केवळ गाडी भारदस्त दिसावी म्हणून तिला मूळ मापापेक्षा रुंद टायर बसवण्याची हौस वाढली. असा टायर अरुंद रिमवर नीट बसत नाही. म्हणून मूळ रिमच रुंद करून घेण्याची युक्ती लेथ आणि वेल्डिंगच्या कारागिरांनी काढली.

या कामात रिम लेथवर धरून तिच्या घेरावर पूर्ण गोल कापतात, दोन भागांच्या मध्ये हव्या त्या रुंदीचा पोलादी पट्टा बसवतात आणि दोन्ही कडांनी जोड मारतात. निष्णात हाताने केलेले असे चाक नव्यासारखे दिसते, आणि खरा धोका त्या दिसण्यातच आहे. वितळलेला धातू निवताना आकसतो, पण येथे त्याला आवळायला सुटे सांधे नसतात. दोन्ही बाजूंना ताठ पोलाद असल्याने तो ताण जोडातच कायमचा अडकून राहतो. त्यातच जोडाशेजारचे पोलाद तापून त्याचा मूळ गुण बदललेला असतो, आणि आत हवेचे बुडबुडे राहिले असतील तर तेथून तडा सुरू होतो. मोटारीचे चाक किलोमीटरला सुमारे पाचशे फेरे घेते व प्रत्येक फेऱ्यात रिमचा प्रत्येक भाग एकदा भाराखाली वाकून पुन्हा सरळ होतो, हे लक्षात घेतले तर रत्नागिरी ते कोल्हापूर या सुमारे १३० किलोमीटरांच्या एकाच प्रवासात त्या जोडाला पासष्ट हजार वेळा ताण सोसावा लागतो. आंबा घाटाच्या वळणांवर त्यात बाजूच्या दाबाची आणि उतारावरील ब्रेकच्या उष्णतेची भर पडते, तर किनाऱ्यावरची खारी हवा आणि तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस जोडाच्या खाचेत गंज धरवतो, जो टायरखाली झाकला गेल्याने कोणाच्याही नजरेस पडत नाही. ट्यूबरहित टायरमध्ये तर हवा धरून ठेवण्याचे काम रिमच करते, त्यामुळे केसाएवढी चीरही हवा घालवण्यास पुरेशी होते.

जोड निर्दोष मानला तरी भूमितीचा प्रश्न उरतोच. पाच इंचांची रिम सात इंचांची करताना सगळी वाढ बाहेरच्या अंगाला दिली, तर टायरची मध्यरेषा सुमारे २५ मिलिमीटर बाहेर सरकते, बेअरिंगवरची तरफ वाढते, स्टिअरिंग जड होते आणि टायर मडगार्डला घासू शकतो; वाढ आतल्या अंगाला दिली तर तो सस्पेन्शनला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना भिडण्याची भीती असते. कारखान्यातले चाक विक्रीस येण्यापूर्वी त्या आराखड्याचे नमुने वाकवणाऱ्या आणि उभ्या भाराखाली फिरवणाऱ्या यंत्रांवर लाखो फेरे चालवून पारखले जातात, आणि भारतीय मानक ९४३६ मध्ये मोटारींच्या चाकांसाठी या चाचण्या सांगितल्या आहेत. गॅरेजात रुंद केलेल्या चाकाची अशी पारख होत नाही, आणि कारागीर कितीही प्रामाणिक असला तरी डोळ्यांनी ती करता येत नाही.

कायद्याची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनात बदल केल्यावर तो चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावा, एवढीच अपेक्षा होती. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ ने आधी सूचना आणि मंजुरी आवश्यक केली. २००० च्या दुरुस्तीने उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वाहन वेगळे पडेल असा बदल करण्यासच मनाई केली आणि इंधनबदलासारख्या मोजक्या सवलती ठेवल्या. केरळमधून आलेल्या के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या मनाईचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षी आलेल्या कलम १८२अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. प्रवासी व मालवाहू वाहनांच्या नोंदणीपत्रात टायरांची संख्या, प्रकार आणि माप नोंदवणे कलम ५८ नुसार आवश्यकच आहे. खासगी मोटारीच्या नोंदणीपत्रावर रिमची रुंदी छापलेली नसली, तरी कापून जोडलेली रिम उत्पादकाच्या तपशिलात बसते असे म्हणता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीशी वाद ओढवला तर हाच मुद्दा मालकाच्या विरुद्ध उभा राहू शकतो.

रत्नागिरीच्या ‘एमएच ०८’ या क्रमांकाची गाडी घेऊन घाट उतरणाऱ्या ज्या मालकाला रुंद टायर हवाच असेल, त्याच्यासाठी वाट एकच आहे, ती म्हणजे त्याच नमुन्याच्या गाडीसाठी उत्पादकाने मान्य केलेली अधिक रुंदीची मूळ चाके घेणे. आणि आधीच कापून जोडलेली रिम हाती असेल तर ती दुसऱ्याला न विकता पुन्हा कोणत्याही गाडीस लागणार नाही अशी तोडून भंगारात देणे, कारण ती ज्याच्या हाती जाईल त्याला रंगाखालचा जोड ओळखता येणार नाही.