सेलर मून : चंद्रावरच्या सशाची जगभ्रमंती

शाळेत रोज उशिरा पोहोचणारी, अभ्यासात मागे असलेली आणि जरा काही बिनसले की भोकाड पसरणारी उसागी त्सुकिनो ही चौदा वर्षांची मुलगी 'सेलर मून' या जपानी कथामालिकेची नायिका आहे. टोकियोच्या अझाबू-जुबान भागात राहणाऱ्या उसागीला एके दिवशी लूना नावाची बोलणारी काळी मांजर भेटते. तिने दिलेल्या जादूच्या ब्रोचमुळे उसागी दुष्ट शक्तींशी लढणारी सेलर मून बनते. जपानी शाळकरी मुलींच्या गणवेशाला खलाशांच्या पोशाखासारखा गळा असतो. नावातील 'सेलर' हा शब्द तेथून आला.

नाओको ताकेउची यांची ही चित्रकथा, म्हणजे मांगा, कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या 'नाकायोशी' मासिकात १९९१च्या अखेरीस सुरू झाली आणि १९९७पर्यंत चालली. तोएई अ‍ॅनिमेशनने तिच्यावर केलेली दूरचित्रवाणी मालिका ७ मार्च १९९२ रोजी सुरू झाली. फेब्रुवारी १९९७पर्यंत पाच पर्वांत तिचे २०० भाग झाले.

दोन परंपरांचा संगम

जादू जाणणाऱ्या मुलीची कथा जपानला नवी नव्हती. अमेरिकेतील 'बीविच्ड' मालिकेवरून सुचलेली 'सॅली' १९६६मध्ये जपानी पडद्यावर आली होती. अशा कथांतील जादू बहुधा घर, शाळा आणि मैत्रिणींच्या अडचणींपुरती असे. दुसरीकडे, १९७५च्या 'गोरेंजर'पासून रंगीबेरंगी पोशाखातील पाच योद्ध्यांच्या मालिका लोकप्रिय झाल्या होत्या. ताकेउची यांनी या दोन्ही परंपरा एकत्र आणल्या आणि जगाच्या रक्षणाचे काम पाच शाळकरी मुलींवर सोपवले. उसागी शूर म्हणून निवडली जात नाही. भीती वाटत असतानाही मैत्रिणींसाठी ती उभी राहते. मालिकेचे मर्म यातच आहे.

नावांतील अर्थ

'त्सुकी नो उसागी' म्हणजे चंद्रावरचा ससा. मराठी वाचकाला येथे 'शशांक' हा शब्द आठवेल. भुकेल्या अतिथीसाठी अग्नीत उडी घेणाऱ्या सशाची आकृती शक्राने चंद्रावर रेखाटली, ही शशजातकातील कथा बौद्ध साहित्यातून जपानमध्ये पोहोचली आणि 'कोन्जाकु मोनोगातारी' या जुन्या कथासंग्रहात समाविष्ट झाली. उसागीच्या मैत्रिणी मंगळ, बुध, गुरू व शुक्र या ग्रहांच्या रक्षक आहेत. जपानी वारांची नावेही आपल्याप्रमाणेच याच क्रमाने येत असल्यामुळे सोम ते शुक्र हे पाच वार या पाच मुलींच्या रूपाने एकत्र येतात.

सीमा ओलांडताना

मालिकेचे इंग्रजी रूपांतर १९९५मध्ये उत्तर अमेरिकेत दाखवण्यास सुरुवात झाली. त्यात उसागीची 'सेरेना' झाली आणि नावातला ससा हरवला. फ्रेंच व जर्मन रूपांतरांनी मात्र 'बनी' हे नाव देऊन तो राखला. पहिल्या दोन पर्वांचे ८९ भाग काटछाट करून ८२वर आणण्यात आले. पहिल्या पर्वाच्या शेवटी चारही मैत्रिणी उसागीसाठी एकामागोमाग एक प्राण देतात. इंग्रजीत शेवटचे दोन भाग एकत्र करून त्या केवळ शत्रूच्या कैदेत पडल्याचे सांगण्यात आले. खलपक्षातील दोन पुरुषांमधील प्रेम झाकण्यासाठी झोयसाइट या पात्राला स्त्री करण्यात आले. पुढे तिसऱ्या पर्वाच्या रूपांतरात हारुका आणि मिचिरू या परस्परांवर प्रेम करणाऱ्या तरुणींना चुलत बहिणी ठरवण्यात आले. पाचवे पर्व तर त्या फेरीत इंग्रजीत आलेच नाही.

मुलांना मृत्यू पेलवणार नाही आणि असे प्रेम त्यांना कळू नये, ही धारणा या बदलांमागे होती. ज्या जपानी मुलांसाठी ही मालिका मुळात तयार झाली, ती याच वयाची होती. शिवाय मरण काढून टाकल्यावर उसागीच्या अखेरच्या लढाईतील दुःखाचे कारणच नाहीसे झाले.

इतर रूपे

जपानमध्येही ही कथा अनेकदा नव्याने सांगितली गेली. १९९३पासून तिच्यावर आधारित संगीत नाटके रंगभूमीवर येऊ लागली. २००३-०४मध्ये प्रत्यक्ष कलाकारांना घेऊन केलेल्या ४९ भागांच्या मालिकेत लूना ही चक्क कापसाची बाहुली होती. मूळ चित्रकथा मासिकातून, तर मालिका दर आठवड्याला येत असे. त्यामुळे जुन्निची सातो व कुनिहिको इकुहारा या दिग्दर्शकांच्या काळात मालिकेत रोजच्या आयुष्यातील विनोदी प्रसंग बरेच वाढले. २०१४मध्ये सुरू झालेली 'सेलर मून क्रिस्टल' पुन्हा चित्रकथेच्या जवळ गेली. तिचाच धागा २०२१च्या 'इटर्नल' आणि २०२३च्या 'कॉसमॉस' या प्रत्येकी दोन भागांच्या चित्रपटांनी पूर्ण केला.

अमेरिकेतील व्हिज मीडियाने २०१४पासून जुनी मालिका काटछाट न करता नव्या इंग्रजी ध्वनिमुद्रणासह आणली. अखेर पाचवे पर्वही इंग्रजीत आले. या रूपांतरात मैत्रिणींचे बलिदान कायम आहे, हारुका आणि मिचिरू पुन्हा प्रेयसी आहेत आणि नायिकेला तिच्या खऱ्या नावाने, उसागी म्हणूनच हाक मारली जाते.