सैल शब्दांचा कायदा

कायद्यातील शब्द सैल असला, म्हणजे त्यात कोणाचाही पाय अडकतो. १८९७ साली ‘केसरी’तील लिखाणाबद्दल लोकमान्य टिळकांवर मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला. कलमातील ‘अप्रीती’चा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितला, तो ‘प्रीतीचा अभाव’ असा! परक्या सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरला, आणि टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली.

पुढे परके राज्य गेले, छापखान्याच्या जोडीला इंटरनेट आले. शब्दांचा सैलपणा मात्र गेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६-अ’ हे कलम २००९ साली अमलात आले. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणाऱ्यास त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होती. आक्षेपार्ह कशास म्हणावे, हे मात्र कोठेच सांगितले नव्हते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्यांना पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली!

श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व नरीमन यांनी हे कलम संपूर्ण रद्द केले. चर्चा करणे, मत मांडणे हा नागरिकाचा हक्क. चिथावणी ही निराळी गोष्ट, असा त्यांचा विवेक होता. तरीही त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले, आणि २०२२ साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

कलम पुस्तकातून जाते. सवय जायला वेळ लागतो.